दहा वाक्यं आणि एक लबाड तपासनीस

पाण्याच्या मशीनपाशी एकजण निवांत बाटली भरत उभा होता आणि मागे माझा घसा कोरडा. "अहो, टाकी भरताय का?" मी खेकसले. तो वळला, हसला... आणि तासाभरात कळलं, हाच माझा तपासनीस. घ्या!

आमची कंपनी गिऱ्हाइकांना इंग्रजीत पत्रं पाठवते. मी तीन वर्षं पॅकिंगला उभी, पायांची पार वाट लागलेली. पत्रविभागात जागा निघाली, पण अट अशी — 'लुकिंग फॉरवर्ड टू', म्हणजे 'आतुरतेने वाट पाहतोय', हे वापरून दहा इंग्रजी वाक्यं लिहायची आणि शनिवारच्या आत तपासनिसाची सही आणायची. नाहीतर परत पॅकिंग!

मी लिहिली. आपल्या उत्तराची वाट पाहत आहोत, मावशीच्या येण्याची वाट पाहत आहे... सोमवारी वही परत आली. शेरा — 'पुन्हा लिहा.' मंगळवारी तेच. बुधवारीही तेच.

"चुकलंय काय?" मी विचारलं.

"चुकलं नाही... जीव नाही त्यात." तो गालात हसत होता. "आतुरतेने वाट बघणं म्हणजे काय, ठाऊक आहे तुम्हाला?"

"आहे ना! तुमची बदली व्हायची वाट बघतेय."

"मग तेच लिहा की. उद्या आणून दाखवा."

मेल्याचं हसू मात्र छान होतं. त्याचाही मला रागच यायचा. घरी ताई म्हणाली, "तू वहीबद्दल बोलतेयस की त्याच्याबद्दल?" मी तिच्यावरही डाफरले.

शुक्रवारी विभागाच्या मोठ्या बाईंनी सहज माझी वही चाळली. "अगं, सोमवारचीच वाक्यं बरोबर आहेत की! सही का नाही?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तडक त्याच्या टेबलावर वही आपटली. "सोमवारीच बरोबर होतं?"

तो उठून उभा राहिला. कान लालभडक. "हो."

"मग?"

"सही केली असती तर... तुम्ही परत आला नसतात."

अहोवरून मी सरळ अरेवर आले. "अरे, तुला मी आवडते म्हणून माझ्या पोटावर पाय? इथे मला घास गोड लागेना आणि तू मजा बघत होतास?"

"चुकलो."

"मला नको सांगूस. बाईंना सांग. जा!"

वाटलं होतं, शेपूट घालेल. पण गेला. दार उघडंच होतं, सगळं ऐकू आलं. स्वतःला वाचवायला त्याने एक शब्द फिरवला नाही. बाईंनी माझ्या वहीवर स्वतः सही केली आणि त्याचं तपासणीचं काम काढून घेतलं. सोमवारपासून तो गोदामात.

बाहेर येऊन तो माझ्यासमोर थांबला. "अभिनंदन," एवढंच म्हणाला आणि मान खाली घालून निघाला.

माझा राग गेला नव्हता. मुळीच नाही! पण तो जिन्याकडे वळला तशी मी दोन पावलं त्याच्यामागे गेले...

"थांब!" मी ओरडले. "आवडतोस तू मला. आणि भयंकर राग आलाय तुझा. दोन्ही!"

"मग... मी काय करू?"

"सोमवारी मधल्या सुट्टीत माझ्या टेबलावर जेवायला ये. आणि कारण शोधत बसू नकोस — भेटायचंय म्हणून ये."