धोट्याला लागलेलं तोंड

यंत्रमागाचा, म्हणजे लूमचा, छोटा कारखाना चालवणारा वाल्मीक चहा चमच्याने पीत होता. गुटख्याने त्याचा जबडा असा आवळला होता की गेली दोन वर्षं तोंडात धड बोटही जात नव्हतं.

"सोमवारी घराचा लिलाव हाय, मॅडम. केसरीनाथ शेठच्या सुताचे पैसे थकले, कबूल. पण निम्मे मी कापड देऊन फेडले. कोर्टाचं समन्स मला मिळालंच न्हाय. शेठने एकतर्फी पुऱ्या रकमेचा हुकूमनामा घेतला. एवढे पैसे आणू कुठून?"

खासगी तपास करणाऱ्या निशा मढवीने त्याच्याकडून कोर्टाचे कागद घेतले.

"समन्सवर सही आहे," तो गेल्यावर तिचा सहकारी भाविक म्हणाला. प्रत्येक अशिलाला आधी खोटारडा ठरवायचं, ही त्याची जुनी खोड. "बुडवे सगळे असंच बोलतात."

समन्स देणारा बेलीफ दामूही ठाम होता. "कारखान्यात लूमपाशी उभा होता. 'मीच वाल्मीक' म्हणाला. लूमवर आडवा धागा नेणारा धोटा असतो ना, त्याच्या भोकाला तोंड लावून धागा ओढला आणि डाव्या खांद्यावरून मागे थुंकला, तो माझ्या चपलेवर! मग सही केली. चेहरा कसा आठवणार? वर्ष झालं. भुवयांपर्यंत चेहऱ्यावर कापूस चिकटला होता."

निजामपुऱ्यातल्या वाल्मीकच्या कारखान्यात कारागीर राघो एकटाच होता. त्याने धोटा तोंडाला लावला, धागा ओढला आणि ओठ बाहीला पुसले. शेजारच्या लूमवर वाकवलेली तार लटकत होती.

"ही कशाला?"

"वाल्मीकभाऊंची. त्यांना तोंडाने ओढता येत न्हाय ना."

"समन्स आलं त्या दिवशी कुठे होतास?"

"सुट्टी होती. भाऊ ठाण्याला, इस्पितळात. समन्स मी कशाला घेऊ, बाई? मी अंगठाछाप माणूस."

"चावी कोणाकडे असते?"

"भाऊंकडे, माझ्याकडे, अन् एक त्यांच्या आईकडे."

वाल्मीकचा धाकटा भाऊ रवींद्र कशेळीच्या गोदामात भेटला. त्याच्या कोऱ्या टेम्पोत केसरीनाथच्या सुताच्या गोण्या होत्या.

"लूमचं नाव काढू नका," तो म्हणाला. "दहा वर्षं पाऊल ठेवलं न्हाय तिकडे. भाऊ जाणे, त्याचं कर्ज जाणे."

रविवारी निशाने सगळ्यांना वाल्मीकच्या घरी बोलावलं. आई मीराबाई भिंतीला टेकून बसली होती. दामू कोपऱ्यात होता. निशाने गोण्यांचं भाडं विचारत विचारत रवींद्रच्या हातात धोटा दिला.

"जरा ओवून द्या."

त्याने धोटा तोंडाला लावला, धागा ओढला आणि डाव्या खांद्यावरून मागे थुंकला.

दामू ताडकन उठला. "हाच तो!"

"पण तोंडाने तर सगळेच ओढतात," भाविक म्हणाला.

"वाल्मीकला ओढता येत नाही, म्हणून ती तार. राघो ओढतो, पण थुंकत नाही, बाहीला पुसतो. शिवाय त्याला सही येत नाही. उरली आईकडची चावी. ती घेऊन बेलिफासमोर मालक म्हणून कोण उभा राहू शकेल? वाल्मीक कोर्टात आला असता, तर निम्मे पैसे फिटल्याचं उघड झालं असतं. केसरीनाथला तेच नको होतं. टेम्पो त्यानेच घेऊन दिला ना, रवींद्र?"

रवींद्र धोटा मुठीत धरून भावाकडे वळला. "शेठ बोलला, नुस्ती सही कर. घर जाईल असं न्हाय बोलला."

"हे कोर्टात सांगितलं तर लिलाव थांबेल," निशा म्हणाली. "हुकूमनामा रद्द करून घेता येईल, उरलेल्या निम्म्याचे हप्ते मागता येतील. पण रवींद्रला तुरुंग चुकणार नाही."

वाल्मीकने भावाकडे पाहिलं. आवळलेल्या तोंडातून शब्द कसेबसे निघाले. "ऱ्हाऊ द्या, मॅडम. जाऊ दे घर."

मीराबाईने रवींद्रच्या हातातला धोटा काढून घेतला.

"कापडावर थुंकी पडू नये म्हणून खांद्यावरून थुंकायला मीच शिकवलं दोघांना," ती म्हणाली. "लिवा त्याचं नाव. चावी मी दिली, तेबी लिवा."