लिंडक्विस्टांच्या केसांची वेल

धुळीचं वादळ उठलं आणि ऑरिन नावाच्या एका परक्या तरुणाची गाडी नेमकी आमच्याच फाटकाशी बंद पडली. तो ओसरीवर आला — भुवयांपर्यंत माती, गळ्यात कॅमेरा.

"नेब्रास्कातल्या जुन्या घराण्यांच्या वस्तूंचे फोटो काढत फिरतोय," तो म्हणाला. "तुमच्याकडे आहे काही जुनं?"

"मी आहे की. नाही वाटत?"

तो हसला... आणि मी वेडी तिथेच घसरले.

गाडी दुरुस्त होईपर्यंत म्हणून तो राहिला. दिवाणखान्यात काचेआड आमची वेल होती. पहिली लिंडक्विस्ट आजी बैलगाडीतून या माळावर आली, तेव्हापासूनची रीत — घरातलं माणूस गेलं की त्याच्या केसांचं फूल तारेवर विणून वेलीत गुंफायचं. हुल्दाआत्या एकेका फुलाची कहाणी सांगे. ऑरिन ऐकता ऐकता माझ्याकडे चोरून बघे आणि कॉफी सांडे.

एक दिवस वेलीत नवं, तांबूस फूल दिसलं. घरात कोणीच गेलं नव्हतं. तसले केस फक्त ऑरिनचे.

"आत्या, तो जिवंत आहे."

"तुझे बाबाही जिवंतच होते," आत्या शांतपणे म्हणाली. "त्यांच्या कंगव्यातले केस मीच विणले. परत कधी ते फाटकाबाहेर गेले? तुझ्यामागे हे सगळं सांभाळायला कोणी नको?"

मला आठवलं. बाबा फाटकापर्यंत जायचे, जरा वेळ उभे राहायचे, मुकाट्याने परतायचे. मला वाटे, गुडघे दुखतात.

आणि ऑरिन? गाडी तर केव्हाच दुरुस्त झाली होती. मग तो माझ्यासाठी राहिला होता, की...

मी फूल उसवलं. बोटांना ते ऊबदार लागलं.

"हे घे आणि जा," मी सगळं सांगून त्याला म्हणाले.

"हाकलतेस?"

"बाहेर गेल्यावर परत यावंसं वाटतं का, बघ."

"आणि नाही वाटलं तर?"

"तर... कळेल."

गाडी दिसेनाशी झाली. मी ओसरीवर ढसाढसा रडले. आत आत्या गुणगुणत होती.

ऊन कलताना तो परत आला.

"पुलापर्यंत गेलो. थांबून बघितलं. कोणी ओढलं नाही, एब्बा."

"मग?"

"मग मीच वळलो. वाटायचं, इथून जाताच येत नाही... आज कळलं, मला जायचंच नव्हतं."

मी त्याच्या शर्टात तोंड खुपसलं. "मला तू हवा आहेस. पण या घरात नको."

"आणि तुमची वेल?"

"कहाण्या पाठ आहेत मला. वाटेत सांगेन."

त्याने गाडी सुरू केली. फाटक ओलांडेपर्यंत आम्ही दोघांनीही श्वास घेतला नाही.