तेरावा हात

प्लेट १ ते १२ : वाया

"मॅडम, हे मेलं का जिवंत आहे?"

त्यानं टेबलावर बारा चौकोनी प्लेटा मांडल्या आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी डॉक्टर आणि ही त्याची लेकरं.

मी डॉक्टर नाही. देऊळगाव राजातल्या एका कॉलेजात, सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. जंतूंना खाऊ घालते, वाढवते, काम झालं की मारते.

तो हरिओम. दुसरबीडचा, दुकानांच्या पाट्या रंगवणारा. बालाजीच्या यात्रेत आमच्या कॉलेजच्या हॉलमध्ये त्याचं प्रदर्शन होणार होतं: गावातल्या बारा माणसांचे हात, रंगाशिवाय. प्लेटमधल्या, जंतूंसाठीच्या थिजलेल्या खाद्यावर तळवा टेकवायचा, दोन दिवस ऊब द्यायची. हातावर जे जगतं, तेच वाढून हाताचं चित्र काढतं.

पण प्लेटांवर हात नव्हतेच. बाराही प्लेटांवर नुसती पांढरट साय. आणि कडेला काहीतरी पिवळं…

"हे काय?"

"हळद."

"हळद?"

"हाताचा ठसा हळदीबिगर घेतेत काय कुठं? लग्नात भिंतीवर नाही उमटवत? आमच्या केसरकाकूनं सगळ्यायचे हात भरून देल्ले."

मला हसू आवरेना. "येडे आहात का हो? हळदीतलेच जंतू वाढले सगळे. माणसं राह्यली बाजूले, मसाल्याचा डबा उमटला!"

तोही हसला. जरा उशिरा, कानांपर्यंत लाल होत.

प्लेट १३

"मग दाखवा ना, कसं घेतेत."

मी उजवा हात कोरडाच टेकवला. हलके. तीन श्वास. तो प्लेटकडे बघत नव्हता, हाताकडे बघत होता.

"किती वेळ लागते वाढाले?"

"सदतीस अंशांवर दोन दिवस."

"अन् ओळखीले…?"

"ते अंशांवर आहे," मी म्हणाले, आणि उठून पंखा लावला.

मग तो रोजच येऊ लागला. १ ते १२ याच क्रमांकांवर बारा हात नव्याने घेतले. 'मॅडम'ची धम्मशीला झाली. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही.

प्लेट १३ : नष्ट

प्रदर्शनाला चार दिवस होते. हॉलमध्ये तो मांडणी करून बघत होता. प्रत्येक हाताखाली चिठ्ठी: भगवानराव, म्हणजे त्याचे बाबा. केसरबाई. गोविंदा. आणि शेवटी माझा हात. बोटांच्या टोकांना पिवळे ठिपके, अंगठ्याखाली एकच नारिंगी.

चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'एक हात'.

"हा माझा आहे."

"हाव! सगळ्यात सुंदर आहे, म्हणून—"

"विचारलं काऊन नाही?"

"तुले आवडीन वाटलं…"

"अन् नाव काऊन नाही?"

त्यानं चिठ्ठी उगाच सरळ केली. मग हळूच, "बाबा येऊन राह्यले उद्घाटनाले. तुझं आडनाव वाचलं की विचारतीन. कोण, कुठली… तुझ्यासाठीच केलं मी."

त्याचं घर दुसरबीडच्या मोठ्या शेतकऱ्यांच्या आळीत. माझी आत्या त्याच गावात, बुद्धविहारामागे. मधलं अंतर पाच मिनिटांचं. त्याच्या बाबांनी ते कधी चालून पाहिलं नव्हतं.

"माझ्या हातावरचे जंतू चालतात, नाव नाही चालत?"

प्लेट उचलून मी प्रयोगशाळेत आले आणि वाफेच्या भांड्यात टाकली. एकशे एकवीस अंश, वीस मिनिटं. त्यात काहीच जगत नाही.

तो दारात उभा होता. "चित्र होतं ते, धम्मशीला."

"माझं अंग होतं."

प्लेट नाही, कागद

दुसऱ्या दिवशी तो कागदांची चळत घेऊन आला. बाराही घरं फिरला होता. हातावरचं काय वाढतं, कोण बघणार, नंतर त्याचं काय करणार, सगळं सांगून सह्या घेतल्या होत्या.

"तिघं नाही म्हणले."

"मग?"

"त्यायच्या जागा रिकाम्या."

"अन् बाबा?"

"ते तर लगेच हो म्हणले. हात मोठा दिसला पाहिजे म्हणे."

हसू येत होतं. मी येऊ दिलं नाही. शेवटचा कागद त्यानं पुढे सरकवला.

*मी ………… माझा हात हरिओमच्या चित्रासाठी देते / देत नाही. नाव लिहावे / लिहू नये.*

"तुझा हात कुठं आहे?" मी विचारलं.

"माझा?"

"बारा जणायले उघडं केलं. स्वतः कोरडा?"

'हरिओमच्या' खोडून मी 'आमच्या' केलं. खाली लिहिलं: *दोघांचे हात, एकाच प्लेटमध्ये. दोन्ही नावं पूर्ण.* आणि सही केली.

त्यानं दोनदा वाचलं. "बाबा…"

"'देत नाही'वर खूण करू?"

"नको," तो म्हणाला. "मोठी प्लेट आण."

प्लेट १४

उद्घाटनाला भगवानराव आधी स्वतःच्या हातापाशी बराच वेळ थांबले. खूश झाले. मग आमच्यापाशी आले. शेजारी शेजारी दोन तळवे. करंगळ्यांपाशी वाढ एकमेकांत शिरलेली. त्यांनी चिठ्ठी मोठ्यानं वाचली.

"हरिओम भगवानराव मांटे. धम्मशीला इंद्रभान साळवे." त्यांनी हरिओमकडे पाहिलं. "कोण आहे ही?"

'कॉलेजातल्या मॅडम' हे शब्द हरिओमच्या ओठांवर येताना मला दिसले. मी मदत करणार नव्हते.

"मले आवडते ती, बाबा."

"अन् हे असं लोकायपुढं?"

"लोकायपुढंच. लपवून एकदा पाह्यलं. ते चुकलं माझं."

भगवानरावांनी चष्मा नीट केला, वाकले, बोट करंगळ्यांपाशी नेलं. मग माझ्याकडे वळले. "पोरी, हे पुसता येते?"

"येते, काका. पण दोघायची सही लागीन."

त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. निघाले. दारात दोनदा दुसऱ्याचीच चप्पल घातली, आणि गेले.

सगळे आमच्याकडे बघत होते. हरिओम माझ्याजवळ सरकला.

"हात… धरू?" तो पुटपुटला.

"कोणाचा? नाव घे."

त्यानं श्वास घेतला. बाहेर यात्रेत वाजणाऱ्या भोंग्यांहून मोठ्यानं म्हणाला, "धम्मशीला इंद्रभान साळवे, तुझा हात धरू का?"

मी लगेच उत्तर दिलं नाही. आधी हॉलमधल्या एकेका चेहऱ्याकडे सावकाश पाहिलं. कोणी खाली बघितलं, कोणी नाही.

मग म्हणाले, "हाव."