सहाची पंगत

दिनांक ९ फेब्रुवारी २०७१. सकाळचे ठीक सहा. रांगेतील अहवाल १,१४६.

भालचंद्र उपळेकरांनी हे तीन आकडे नोंदवहीत लिहिले, खाली पट्टीने रेघ मारली आणि समोरच्या पडद्याकडे, फुकट जेवायला जमलेल्या गर्दीकडे पाहावे तसे पाहिले. पडद्याच्या कोपऱ्यातील चौकटीत ‘तक्रारी : ०’ असे दिसत होते. ते गेली तीन वर्षे तसेच दिसत होते.

कोकण किनाऱ्यापासून शंभरएक किलोमीटर आत समुद्रात, पृष्ठभागाखाली नव्वद मीटरवर ‘वरुणिका’ ही सहा मजली सागरतळ वसाहत उभी होती. वरच्या मजल्यांवर अधिकारी, शास्त्रज्ञ आणि त्यांची कुटुंबे राहत. तळमजल्यावर यंत्रे आणि ती सांभाळणारी एकशे शहाऐंशी माणसे. वसाहतीतील प्रत्येक झडप, पंप आणि भोजनालयातील प्रत्येक डाळीचे पिंप यांची मापे एका अहवालयंत्राकडे जमा होत. ते यंत्र अहवाल रचून ज्याच्या त्याच्या पडद्यावर पोहोचवी. कोणता अहवाल केव्हा निघावा हे वेळापत्रके ठरवीत, आणि त्या वेळापत्रकांचे अधीक्षक होते उपळेकर. वय एकसष्ट. शिक्षण तंत्रनिकेतनातील पदविका. आपल्या हाताखालून गेलेल्या एकाही पदवीधराला साधा भागाकार तोंडी करता आला नाही, हे त्यांचे जुने निरीक्षण होते.

‘प्रातः’ नावाचे वेळापत्रक सहा वाजता सुरू होई. ते सामायिक होते. म्हणजे वेळापत्रक एक आणि त्याला टांगलेले अहवाल अनेक. वसाहत नवी होती तेव्हा त्याला संचालकांचा एकटा अहवाल टांगलेला होता. मग उपसंचालकांना वाटले, आपण का सातला? मग विभागप्रमुखांना वाटले. पुढेपुढे सहाला अहवाल येणे हीच प्रतिष्ठा झाली. लग्ने जुळवताना ‘मुलगा सहाचा आहे’ असे सांगू लागले. टेनिसच्या चेंडूंचा साठा सांगणारा अहवालही सहाला निघू लागला. अधीक्षकपद मिळाले तेव्हा उपळेकरांनीही स्वतःचा एक अहवाल सहाला लावून घेतला होता. पण तो कामासाठी, मानासाठी नव्हे, अशी त्यांची खात्री होती.

“सायेब, आत येऊ का, का आमच्या चपलांनी तुमची फरशी मळंल?”

दारात यशोदा तांडेल उभी होती. तळमजल्यावरील हवाटोळीची ती मुकादम. कपाळाला तिने ओला रुमाल बांधला होता.

“या यशोदाबाई. डोकं दुखतंय?”

“माझं एकटीचं न्हाय. अख्ख्या मजल्याचं. पोरं सकाळी उठतात ती दारू प्यायल्यासारखी. आणि तुमचा कागुद येतो सहा अठ्ठेचाळीसला. साडेसहाला माझी माणसं बोगद्यात शिरली की बारापोत्तर बाहेरचा शबूद त्यांना ऐकू येत न्हाय. मग आजचा कागुद उद्या वापरायचा. वरणभात हाय का तो, उद्याला चालायला?”

उपळेकरांना तिचे म्हणणे पाठ होते, कारण ते अचूक होते. तळमजल्याची हवा एका बोगद्यात बसवलेल्या अठ्ठेचाळीस शोषक पेट्यांतून फिरत असे. माणसांच्या श्वासातील कार्बन डायऑक्साइड या पेट्या शोषून घेत. पेटी भरली की ती बदलावी लागे. मोहोरबंद पेटी बाहेरून पाहून काही कळत नसे. कोणती भरली हे केवळ अहवालच सांगे. आणि पेट्या बदलण्यासाठी बोगद्याचे पंखे साडेसहा ते बारा एवढाच वेळ बंद ठेवता येत.

“तुम्ही अहवाल रोज वाचता?” त्यांनी विचारले.

“वाचल्याशिवाय काय करू? दुसऱ्यांदा वाचते, मग टोळीला वाचून दाखवते.”

“मग एक लक्षात ठेवा. अहवाल कधी चुकला तर मला फोन करायचा नाही, वर यायचं नाही. मजल्यावरच्या यंत्रात तक्रार नोंदवायची. नोंद नाही ती गोष्ट या वसाहतीत घडलेलीच नसते.”

“नोंदवीन. वाचनारा कोन हाय तिथं?”

“मी आहे,” उपळेकर म्हणाले.

त्याच दिवशी अकरा वाजता ते संचालक डॉ. निरंजन बोकील यांच्यासमोर बसले. बोकील सागरी जीवशास्त्राचे नामांकित अभ्यासक होते. पण पंधरा वर्षांच्या खुर्चीने त्यांना शंखातल्या प्राण्यासारखे मऊ करून टाकले आहे, असे उपळेकरांचे मत होते.

“पण यंत्र एवढं मोठं असताना उशीर होतोच कसा?” बोकीलांनी विचारले.

“पंगत आहे असं समजा, साहेब. यंत्र एका वेळी चोवीस अहवाल रचतं, म्हणजे पंगत चोवीस पानांची. एका अहवालाला सरासरी एक मिनिट लागतं. जेवायला आलेत अकराशे शेहेचाळीस, आणि प्रत्येकाला पहिल्याच पंगतीचा मान हवा. कितव्या पंगतीला शेवटचा माणूस बसेल?”

बोकीलांनी खिशातील गणकयंत्र चाचपले.

“अठ्ठेचाळिसाव्या,” उपळेकरांनी त्यांची सुटका केली. “म्हणजे सहा अठ्ठेचाळीसला त्याचं पान वाढलं जातं. आणि आपण रांग लावली आहे वाचकाच्या वेतनश्रेणीप्रमाणे. पहिले आपण. शेवटची मुकादम.”

“मग सगळ्यांची वेळ पाच करा.”

“मागच्या वर्षी सुचवलं होतं. सामायिक वेळापत्रक आहे. एकाची वेळ बदलली की सगळ्यांची बदलते. विभागप्रमुखांनी सह्यांचं निवेदन दिलं, की पाचचे आकडे शिळे असतात.”

“तर मग मुकादमबाईंचा तेवढा वेगळा काढा.”

“अहवाल हलवायला त्याच्या मालकाची सही लागते. त्याचे मालक वायुप्रमुख मिरजगावे. ते म्हणतात, ‘माझा एक अहवाल सहावरून उतरवलात, उद्या मला उतरवाल.’”

बोकील हसले. उपळेकर हसले नाहीत.

“साहेब, हे अहवाल कोणी वाचत नाही. ‘वाचत नाही’ असं कोणी लिहून देणार नाही, कारण मग तो करतो काय हा प्रश्न येईल. म्हणून एक चाचणी सुचवतो. ‘प्रातः’ तीन दिवस थांबवू. कोणाला काही सांगायचं नाही. जो वाचतो, तो तक्रार करील. ज्याची तक्रार नाही त्याचा अहवाल चौथ्या दिवशी रद्द.”

“आणि तळमजल्याची हवा?”

“अहवाल नसला की हवाटोळी नियमाप्रमाणे पेट्या क्रमाने बदलते; तीन दिवस तसंच करील. मी सरासरी काढली आहे. भागेल.”

बोकीलांनी परवानगी दिली, कारण तिच्यासाठी त्यांना स्वतः काही करावे लागत नव्हते.

अकरा फेब्रुवारीला सहा वाजता उपळेकरांनी कळ दाबली. ‘प्रातः’ थांबले. अकराशे शेहेचाळीस पडद्यांवर काहीही आले नाही. कोपऱ्यातील चौकटीत ‘तक्रारी : ०’. उपळेकरांना आनंद झाला. असा आनंद, जो आपला तिरस्कार योग्य होता हे सिद्ध झाल्यावरच होतो. दुपारी भोजनालयात मिरजगावे कोणाला तरी सांगत होते, “आजचाच आकडा पाहिला मी, सकाळी सहाला. उत्तम आहे हवा.” उपळेकरांनी ताकाचा घोट घेतला आणि ते वाक्य वेळेसह नोंदवून ठेवले.

बारा तारखेलाही शून्य. आता मात्र आनंदाच्या घासात एक खडा लागला. यशोदेची तक्रार यायला हवी होती. ‘विसरली असेल,’ ते स्वतःशी म्हणाले. तेरा तारखेला पुन्हा शून्य दिसले तेव्हा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणजे तीही तसलीच. दुसऱ्यांदा वाचते म्हणे! वरच्यांना निदान खोटे बोलण्याचे वेतन मिळते. ही फुकट खोटे बोलते. त्यांनी यादीत तिच्या अहवालासमोर, क्रमांक १,१४६ समोर, लाल शाईने ‘वाचक नाही’ असे लिहिले, आणि अक्षर नेहमीपेक्षा थोडे मोठे आले.

चौदा तारखेला सहाला पाच मिनिटे असताना बोकील जातीने वेळापत्रक-कक्षात आले. रद्द करायच्या अहवालांची यादी तेवीस पानांची होती. प्रत्येक पानावर अधीक्षकाची सही हवी होती. उपळेकर सह्या करीत सुटले. न वाचता, कारण वाचण्यासारखे काही राहिले नव्हते.

“माझाही अहवाल यादीत आहे?” बोकीलांनी हळूच विचारले.

“पहिला. आपलीही तक्रार नाही, साहेब.”

“मी… परिषदेच्या कामात होतो.”

“अर्थात.”

बोकील चहाची वाट पाहत बसले. करायला काही नव्हते म्हणून त्यांनी सह्या झालेली पाने उचलली आणि चाळू लागले. नवव्या पानावर त्यांचे बोट थांबले. मग ते मोठ्याने हसले. पंधरा वर्षांत प्रथमच मनापासून.

“अहो उपळेकर! क्रमांक चारशे बारा. वाचक, भा. वि. उपळेकर. मालकही तुम्हीच. सहाचाच आहे! तीन दिवस आला नाही, आणि तुमची तक्रार नाही. म्हणजे तुम्ही आणि मी सारखेच की!”

“काय नाव आहे त्याचं?” उपळेकरांनी विचारले. आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला.

“‘तक्रारींचा दैनिक गोषवारा’.”

उपळेकर उठून उभे राहिले. कोपऱ्यातील चौकट तो गोषवाराच भरत असे. सहाला, सहाच्या मानाने. तो गोषवारा ‘प्रातः’ला टांगलेला होता. ‘प्रातः’ त्यांनी स्वतः थांबवले होते. गोषवारा निघाला नाही, तर चौकटीत जुनाच आकडा राहणार. ते तीन दिवस दहा तारखेचे शून्य वाचत होते. नव्हे, वाचतही नव्हते, पाहत होते.

त्यांनी तक्रारींची मूळ नोंदवही थेट उघडली. तिच्यात तीन नोंदी होत्या.

‘११ फेब्रुवारी, ६.५०. कागद आला नाही. कालच्या कागदावरच्या पेट्या १ ते ४ बदलायला घेतल्या. यशोदा तांडेल.’

‘१२ फेब्रुवारी, ६.५०. कागद नाही. आता क्रमाने ५ ते ८ बदलायला घेतल्या. निजखोल्यांच्या बाजूला घुसमट जास्त. तिकडची कोणती भरली ते कळवावे. यशोदा तांडेल.’

‘१३ फेब्रुवारी, ६.५०. कागद नाही. ९ ते १२ बदलायला घेतल्या. रात्रपाळीचे दोघे चक्कर येऊन पडले, दवाखान्यात आहेत. तुम्ही फोन करू नका म्हणालात म्हणून इथेच लिहिते. कोणी वाचत असेल तर वाचावे. यशोदा तांडेल.’

घड्याळात सहा वाजून एकवीस मिनिटे झाली होती. साडेसहाला टोळी बोगद्यात शिरली असती आणि तेरा ते सोळा या निरुपद्रवी पेट्या बदलून बाराला बाहेर आली असती. उपळेकरांनी सरासरी काढली होती, आणि सरासरीत सगळ्या पेट्या सारख्या भरतात. पण माणसे निजखोल्यांतच श्वास घेत पडतात, हे सरासरीला माहीत नव्हते.

“मिरजगाव्यांची सही…” बोकील पुटपुटले.

“सही हलवायला लागते. हाताने एकदा चालवायला लागत नाही.”

त्यांनी क्रमांक १,१४६ निवडला आणि कळ दाबली. चोवीस पानांच्या पंगतीत जेवणारा आज एकच होता. सहा वाजून बावीस मिनिटांनी सुरू झालेला अहवाल तेविसाव्या मिनिटाला पडद्यावर उभा राहिला. तळमजल्यावरील कार्बन डायऑक्साइड : १.९ टक्के. मर्यादा : ०.५. पूर्ण भरलेल्या पेट्या : ३१, ३२, ३४, ३५.

उपळेकरांनी फोन उचलला. तिकडून बोगद्याच्या जड दाराची साखळी खडखडताना ऐकू आली.

“कोन?”

“यशोदाबाई, उपळेकर. दार लावू नका. एकतीस, बत्तीस, चौतीस, पस्तीस.”

साखळीचा खडखडाट थांबला.

“सायेब, तुमीच म्हनालात फोन करायचा न्हाय. नोंद केली का तुमी?”

“यशोदाबाई…”

“ऐकलं. एकतीस, बत्तीस, चौतीस, पस्तीस. ए, तेराच्या पेट्या ठेव खाली, मागं फिर!” मग आवाज पुन्हा फोनजवळ आला. “तीन दिस लिवत होते. मला वाटलं, वरचे समदेच सारखे.”

“बरोबरच वाटलं तुम्हाला,” उपळेकर म्हणाले, आणि त्यांनी फोन खाली ठेवला.

दुपारी एक वाजता तळमजल्याची हवा ०.८ टक्क्यांवर आली, संध्याकाळी सहाला ०.५ वर. दवाखान्यातील दोघे चालत आपल्या खोल्यांत गेले. एवढे पाहिल्यावरच उपळेकरांनी यादी पुन्हा पुढे ओढली. या वेळी त्यांनी तेवीसही पाने ओळीने वाचली. त्याला दोन तास लागले. शेवटच्या पानावरील लाल अक्षरे त्यांनी खोडली, शेजारी दिनांक घातला आणि त्या एका अहवालाखेरीज यादीतील सर्व अहवाल रद्द केले. पहिला अहवाल रद्द होताना बोकील शेजारी उभे होते. त्या अहवालात काय असते हे त्यांना आठवेना. चारशे बारावा रद्द करण्यापूर्वी उपळेकरांनी तक्रारींची चौकट मूळ नोंदवहीला जोडली, म्हणजे तिला कोणाच्याही मानाची वाट पाहावी लागू नये.

दुसऱ्या दिवशी ‘प्रातः’ सहाला सुरू झाले आणि सहा वाजून एका मिनिटाने संपले. मिरजगाव्यांचे पत्र आले. वायुविभागाला सहाला एकट्याचा मान दिल्याबद्दल त्यांनी आभार मानले होते.

उपळेकरांनी चाचणीचा निष्कर्ष लिहायला घेतला. वाचकांच्या रकान्यात स्वतःला धरावे काय, याचा त्यांनी थोडा वेळ विचार केला. तीन दिवसांनी का होईना, शेवटी त्यांनी वाचले होते. पण तसा हिशेब मिरजगाव्यांनीही केला असता. त्यांनी पट्टी घेतली, रेघ मारली आणि लिहिले :

अहवाल : १,१४६.
वाचक : १.