तुलनेची काच

समाधान आईच्या रक्तात बाळाच्या पेशी शोधायचा. बारामतीत भिगवण रस्त्यावरच्या एका खासगी दवाखान्यात, जिन्याखाली त्याची लॅब होती. काचेवर रक्त पसरायचं, आम्लात बुडवायचं, रंगवायचं. मोठ्या माणसाच्या पेशी धुतल्या जाऊन फिक्या पडतात, बाळाच्या तेवढ्या गुलाबी राहतात. तुलनेला दुसरी काच तो स्वतःच्या बोटातल्या रक्ताची करायचा. ती कायम फिकी निघायची.

शहाण्णव सालच्या एका दुपारी सणसरची छकुली आली. सातवा महिना, ओठ फाटलेला, फुटक्या बांगड्या मनगटात रुतलेल्या. नवरा सूरज दारातच उभा राहिला.

"गोठ्यात पडली," तो म्हणाला.

रक्त घेताना छकुली पुटपुटली, "दादा, लाथ घातली पोटात. खरं लिवा. न्हायतर ह्यो मला परत न्हील."

सूरजनं तिथल्या तिथं तिच्या कानाखाली काढली. समाधान मध्ये पडला, तर सूरजनं त्याचं डोकं भिंतीवर आपटलं. वहीत कारणाच्या रकान्यात त्यानं लिहिलं: पडल्यामुळे. लिहिताना स्वतःचीच किळस आली. हात इतका कापत होता, की स्वतःला सुई टोचवेना.

"तुलनेला रक्त लागतं," तो म्हणाला.

सूरजनं हसत बोट पुढं केलं. "घ्या की. मर्दाचं हाय."

सूक्ष्मदर्शकाखाली छकुलीच्या काचेवर गुलाबी पेशी होत्या. बाळाचं रक्त आईत उतरलं होतं.

सूरजच्या काचेवर त्याच्या दुप्पट होत्या.

समाधाननं त्याच रक्ताची नवी काच केली. चौपट.

बाळ संध्याकाळी गेलं. चौकशीला आलेल्या हवालदारानं वहीतला शब्द वाचून कागद मिटले, आणि सूरजनं छकुलीला घरी नेलं. पंधरा दिवसांत तीही गेली. परत पडली, असं कानावर आलं.

पुढच्या सोमवारी सूरज भिंत धरत धरत आला. सदऱ्यावर रक्ताची उलटी वाळलेली.

"आतनं लाथा बसत्यात," तो रडत म्हणाला. "थांबतच न्हाय ओ."

त्याच्या काचेवर एकही फिकी पेशी नव्हती.

रंगच बिघडला असेल. समाधाननं स्वतःचं बोट टोचलं.

आम्ल. पाणी. रंग.

फिकी. फिकी. फिकी.

कडेला एक गुलाबी.

तो डोळा न हलवता बघत राहिला. मग बेंबीखाली, आतून, कशानं तरी हलकेच ढुशी दिली.