अंजनाबाईंचं गेलेलं कडवं

"साक्षी, माह्या गाण्यातून माहं नाव गेलं," अंजनाबाई फोनवर एवढंच म्हणाल्या.

साक्षी ऊर्जानगरच्या वीजकेंद्रात इंजिनीअर. मावसआजीचा आवाज ऐकून तिनं सुट्टी टाकली आणि आजीचं गाव, सावली, गाठलं.

अंजनाबाईंनी उभा जन्म भीमगीतं गायली. आता गळा गेला होता. उरली होती एकच सीडी. ती कॉम्प्युटरवर उतरवायला निवृत्त प्राध्यापक गुणवंतराव घेऊन गेले होते. आज समाजमंदिरात त्या गीतसंग्रहाचं प्रकाशन होतं. शेवटच्या गाण्याचे कवी म्हणून फलकावर गुणवंतरावांच्या वडिलांचं नाव होतं.

"बाई नुसत्या गायच्या," गुणवंतराव म्हणाले. "काव्य म्हणजे काय, त्यांना काय कळणार?"

"शेवटच्या कडव्यात रचणारी म्हणून आजीचं नाव येते, सर."

"कुठे येतं? ऐका."

त्यांनी लॅपटॉप सुरू केला. पहिलं गाणं स्वच्छ. शेवटच्या गाण्यात मात्र कडव्याच्या जागी नुसती खरखर, आणि मग नेमकं समेवर ध्रुपद.

"सीडीच खराब. डेटा वाचता येत नाही." त्यांनी सीडी दाखवली. चकचकीत बाजूला, मधल्या भोकापासून बोटभर अंतरावर, गोल ओरखडा होता. "काही घरांत वस्तू सांभाळायची सवयच नसते."

"ओरखडा आधीपासून होता?"

"अर्थात."

"नंतर कोणी हात लावला?"

"कपाटाची किल्ली माझ्याकडे असते."

साक्षीनं सीडी मागून घेतली आणि समाजमंदिरापुढच्या मंडपातल्या प्लेअरमध्ये घातली. पहिलंच गाणं अडखळलं, उड्या मारू लागलं. माणसं वळून पाहू लागली.

"ग्रामोफोनची जुनी तबकडी काठाकडून आत वाजे, शेवटचं गाणं आत येई, सर. सीडी आतून बाहेर वाजते. तुमचा ओरखडा आत, म्हणजे पहिल्या गाण्यावर आहे. मग फाइलीत पहिलं गाणं स्वच्छ काऊन? गाणी आधी उतरली, ओरखडा मागून मारला. किल्ली तुमच्याकडे. अन् ओरखड्याले ताल कळत नाई. समेवर माणूसच कापते."

"हा तांत्रिक दोष..."

तिनं सीडीवरचं शेवटचं गाणं लावलं. अंजनाबाईंचा जुना, खणखणीत आवाज मंडपभर घुमला. कडवं अख्खं होतं: 'अंजना सांगे, जागी राहा गं...'

गुणवंतरावांनी लॅपटॉप मिटला. फलकाखालच्या मंचावर त्यांना कोणी बोलावलं नाही.

मंडपात बसलेल्या अंजनाबाईंनी त्यांच्याकडे शांतपणे पाहिलं.

"तुमचे वडील हे गाणं माह्याजवळच शिकले. चारचौघांत सांगत. मोठा माणूस होता तो."