बिनकांद्याची भाजी

मंचर-जुन्नर एसटीच्या कंडक्टरकडे त्या दिवशी सुट्टे नव्हते, म्हणून ही गोष्ट घडली. असते तर संयम आपले वीस रुपये घेऊन आपल्या वाटेनं गेला असता आणि संस्कृती आपले ऐंशी घेऊन तिच्या. पण कंडक्टरनं बॅगेत दोन बोटं फिरवली, शंभराची एक नोट काढून संयमच्या हातात ठेवली आणि मागच्या सीटकडं मान करून म्हणाला, "त्या ताईंचे ऐंशी, तुमचे वीस. उतरल्यावर वाटून घ्या."

संयमनं मागं वळून पाहिलं. खिडकीशी बसलेली मुलगी त्याच्याकडं नव्हे, त्याच्या हातातल्या नोटेकडं रोखून बघत होती.

"पळून नाय ना जाणार?"

"वीस रुपयांसाठी?"

"माझ्या ऐंशीसाठी."

"माझं पूर्ण तिकीट, तुमचं हाफ, तरी कंडक्टरनं नोट माझ्याकडं दिली. म्हणजे चेहरा विश्वासू असणार."

"चेहऱ्याचं काय नाय... तुमची सीट जवळ व्हती, एवढंच."

जुन्नरला उतरून त्यांनी चार दुकानं पालथी घातली. काही घेतल्याशिवाय कुणी नोट मोडून देईना, आणि नको असलेलं घ्यायला दोघंही तयार नव्हते. फोनवरून पाठवावेत, तर तिचा रिचार्ज कालच संपलेला. दर महिन्याला चार दिवस बिनरिचार्जचे काढायचे, हा तिचा नेम होता. शेवटी स्टँडसमोर एक चहा दोन कपांत सांगून त्यांनी नोट मोडली. त्या अर्ध्या चहात कळलं, की तो जुन्या पेठेतल्या मेडिकलमध्ये कामाला आहे आणि ती समोरच्याच लॅबमध्ये. सहा महिने समोरासमोर काढले होते, पण एकमेकांना पाहिलं ते एका नोटेमुळं.

संयम हा नारायणगावच्या घेवरचंद किराणावाल्यांचा मुलगा. गावात मोठं मार्ट झालं तशी दुकानाची गिऱ्हाइकं पातळ झाली, म्हणून त्यानं दुसऱ्याच्या मेडिकलमध्ये नोकरी धरली. संस्कृती कळंबजवळच्या वस्तीवरची. वडील भगवंत, आई कुशाबाई, थोडी शेती. घरखर्चाची निम्मी बाजू तिच्या पगारावर.

दोघंही काटकसरी, त्यामुळं जमलं लवकर. बाहेरचा वडापाव बंद करून दुपारी लॅबमागच्या शेवग्याखाली डबा खायचं ठरलं. पहिल्याच दिवशी तिनं भरताचा डबा पुढं केला. तो संकोचला.

"आमच्यात कांदा-लसूण चालत नाही."

"बटाटा?"

"तोही नाही. जमिनीखालचं काहीच नाही."

"मग जगता कशावर, राव?"

"बेसनाच्या गट्ट्यांच्या भाजीवर... आणि देवाच्या दयेवर."

दुसऱ्या दिवशी तिनं दोडक्याची भाजी आणली. त्यानं शंकेनं डब्यात पाहिलं.

"बघू नका. कांदा नाय घातला," ती म्हणाली. "लई महाग झालाय. परवडत नाय."

"हो ना, साठवर गेलाय," संयमनं गंभीरपणे मान हलवली आणि निवांत जेवला. किराणावाल्याचा मुलगा, भाव त्याला तोंडपाठ.

लसूणही तिच्या भाजीत नसे, तर तो चारशेवर गेलाय म्हणायची. बटाट्याचंही तेच. त्याला तिचं कौतुक वाटायचं. घर चालवावं तर असं. आणि ती होतीच तशी. औषधांच्या रिकाम्या खोक्यांत तिनं कोथिंबीर लावली, शेवग्याच्या शेंगा दोघांच्या घरी वाटून नेल्या, पेस्टची नळी उभी चिरून आणखी आठ दिवस कशी चालवायची ते त्याला शिकवलं. त्यानं तिच्या वडिलांच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या जेनेरिकमध्ये बदलून दिल्या. निम्म्याहून कमी खर्चात काम व्हायला लागलं. अहो-जाहो कधी गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही.

पावसाळ्यात एकाच छत्रीतून स्टँडवर जाताना तिनं विचारलं, "तुझ्या बॅगेत दुसरी छत्री हाय ना?"

"आहे."

"मग काढ की."

"नवी आहे... भिजली तर खराब होईल."

ती हसली आणि छत्रीचा दांडा आपल्या हातात घेतला. तिचा एक खांदा भिजत होता, त्याचाही एक. मधले दोन कोरडे होते, कारण ते एकमेकांना टेकलेले होते. एसटीत बसल्यावरही तो खांदा त्याला ऊबदार लागत राहिला.

एका चौदसला ती मोड न आणलेले, साधे सुके मूग घेऊन आली. "आज तुमच्यात हिरवी भाजी चालत नाय ना?" असं म्हणता म्हणता थांबली आणि घाईनं म्हणाली, "म्हंजे... मंडईत काय मिळालंच नाय." त्यानं मूग खाल्ले, छान झालेत म्हणाला आणि पाणी प्यायला. जैनांच्या तिथ्या कळंबच्या मुलीला कुठून पाठ झाल्या, हे काही त्याच्या डोक्यात आलं नाही.

प्रेम त्याला कळत नव्हतं असं नाही. चांगलं कळत होतं. पण त्याचं एक गणित होतं. आधी स्वतःचं मेडिकल टाकू, भाव जरा उतरू देत, घरात जरा स्वस्थता येऊ दे, मग पप्पांशी बोलू. पप्पा सहजी ऐकणार नव्हते, हे त्याला माहीत होतं, आणि म्हणून पायाखाली काहीतरी घट्ट असावं असं त्याला वाटे. तेव्हा तिला विचारणं पुढल्या सणावर जाई, आणि सण आला की त्याच्या पुढल्यावर. भाव उतरायची वाट बघत बसलेल्या माणसाला काय म्हणावं?

दोन वर्षं अशी गेली. फाल्गुनात एका दुपारी तिनं डबा उघडला, पण घास घेतला नाही.

"रविवारी पाव्हनं येणारेत मला बघायला. चाकणला कंपनीत हाय पोरगा."

शेवग्याची फुलं टपटप पडत होती. नको म्हण, एवढंच संयमला म्हणायचं होतं. एरवी भावावरून तासभर बोलणारा हा माणूस ऐन वेळी शब्दाला महाग झाला.

"कंपनीत आहे... म्हणजे बरंय," तो म्हणाला. "या महागाईत बांधलेला पगार असलेला बरा."

"एवढंच?"

"अजून काय?"

ती हळूच म्हणाली, "कांदा लई उतरलाय म्हनं."

"हो, दहावर आलाय."

"तरी आमी भाजीत घालत नाय."

तिनं मान वर करून त्याच्याकडं बघितलं आणि बघतच राहिली. संयमला वाटलं, काहीतरी चांगलं बोलावं.

"काटकसरी आहेस तू," तो म्हणाला.

तिनं डब्याचं झाकण लावलं.

रविवारी पाहुणे आले आणि पसंती देऊन गेले. चैत्रात तिनं लॅब सोडली. जाताना पत्रिका मेडिकलच्या काउंटरवर ठेवली, तेव्हा तो आत माल लावत होता. बाहेर आला तोवर ती रस्ता ओलांडून गेली होती.

लग्नाला आठ दिवस राहिले तेव्हा संयम कळंबला उतरला. हातात भगवंतरावांच्या तीन महिन्यांच्या गोळ्या होत्या. निमित्त गोळ्यांचं होतं. वाटेत त्यानं अखेर वाक्य जुळवलं होतं. मी पप्पांशी बोलतो, तू थोडं थांब.

वस्तीवर पोचला आणि अंगणातच थबकला. घराच्या डाव्या अंगाला जाळीची लांबलचक कांद्याची चाळ उभी होती, वरपर्यंत गच्च भरलेली. तिच्यात मावला नाही तो कांदा पडवीत पसरला होता. कुशाबाई त्यातला बारका निवडत बसल्या होत्या.

"या, बसा. मेडिकलवालं पाव्हनं ना तुमी?" त्यांनी कांदे बाजूला सारून जागा केली. "पाय ठेवायला जागा नाय बघा."

"एवढा कांदा..." संयम कसाबसा म्हणाला. "या वर्षी लावला?"

"दर वर्षीच लावतो. लगीन होऊन आले तवापासनं कांदा इकत आनलेला नाय मी." त्या हसल्या. "आन आमच्या संस्कृतीला तर कांद्याबिगर घास उतरत नाय. पर डब्याची भाजी न्यारी करायची. पहाटं उठून, सोता. बिनकांद्याची, बिनलसणाची. म्हनायची, लॅबमधी वास येतो."

संयमनं गोळ्यांची पिशवी त्यांच्यापुढं ठेवली. साठवर गेलाय, असं आपण मान हलवून म्हणालो होतो. दोन वर्षं ती रोज एक डबा भरून सांगत होती आणि आपण भाव सांगत होतो.

पाण्याचा तांब्या घेऊन संस्कृती बाहेर आली. कुशाबाई गोळ्या ठेवायला आत गेल्या.

"तुम्हाला कांदा महाग नव्हता," तो म्हणाला.

"नव्हता."

"मग खोटं का बोललीस?"

"तुला कळावं म्हनून." ती पडवीच्या खांबाला टेकली. "किराणावाल्याचा मुलगा ना तू? कळंबला घरोघरी कांदा, एवढं तरी ठाऊक असंल. मला वाटलं, एक दिवस तरी म्हनशील... अगं, कांदा पिकवणाऱ्यांना कसला आलाय कांद्याचा भाव?"

"संस्कृती, मी घरी बोलतो. तू थोडं..."

"नको." तिनं हात वर केला, पण आवाज वाढवला नाही. "पत्रिका वाटून झाल्यात. तिकडचा मानूस चांगला हाय, त्याचा काय दोष? फाल्गुनात एक शब्द बोलला असतास, तर मी आईला अडवलं असतं. लई वाट बघितली मी."

तिचे डोळे भरले होते. त्याचेही. तांब्यातलं पाणी तसंच राहिलं.

तो निघाला तशा कुशाबाई कांद्यांनी भरलेली पिशवी घेऊन आल्या. "पाव्हन्याला रिकाम्या हातानं कसं पाठवू?"

"आई, त्यांच्यात कांदा खात नायत," संस्कृती म्हणाली.

"असू दे," संयम म्हणाला आणि पिशवी घेतली.

एसटीत तो खिडकीशी बसला. पिशवी मांडीवर होती. घरी नेता येईना, टाकवेना. शेजारी बसलेल्या म्हातारीनं पिशवीत डोकावून पाहिलं.

"चांगला हाय. कसा घेतला, भाऊ?"

"लई महाग पडला, मावशी."

म्हातारी त्याच्याकडं बघतच राहिली. त्या आठवड्यात बाजारात कांद्याला कुत्रंसुद्धा विचारत नव्हतं.